सायलेन्सर उघडणारा मिस्त्री

मिस्त्रीचा विश्वास दोनच गोष्टींवर होता. एक त्याची कानस आणि दुसरे त्याचे स्वतःचे कान. बाकी सगळं जग त्याच्या मते संधीची वाट बघत बसलेलं होतं. चहावाला साखर हात आखडून घालतो, टपालवाला पाकिटं उजेडात धरून बघतो, शेजारचा शिंपी आपली खिडकी उगाच उघडी ठेवत नाही, आणि गिऱ्हाईक तोंड उघडतं तेच खोटं बोलायला, अशी त्याची पक्की समजूत. दुकानात कुणी "सहज आलो होतो" म्हणालं, की मिस्त्री आधी त्याच्या हातांकडे आणि मग आपल्या पान्यांकडे बघायचा. म्हणून सगळे त्याला समोर मिस्त्री म्हणत आणि मागे 'तपासणीस'. हे मागचं नाव त्याला माहीत होतं. ते पहिल्यांदा कुणी काढलं, याचा तपास अजून चालू होता.

दुकान रस्त्याच्या वळणावर. वर पत्रा, पुढे ओटा, आत कामाचं टेबल, मागे राहायच्या खोल्या आणि त्यांच्याही मागे छोटं अंगण. काम एकच, झाडं कापायच्या पेट्रोलवरच्या करवतींची दुरुस्ती. पण अशी दुरुस्ती करणारे आणखीही होते. लोक लांबून मिस्त्रीकडे यायचे ते सायलेन्सर उघडून घ्यायला.

नव्या करवतीचा सायलेन्सर फार चिंचोळा येतो. धुराला बाहेर पडायला जेमतेम वाट, त्यावर जाळी, आत आणखी एक आडवा पत्रा. त्यामुळे आवाज कमी राहतो खरा, पण इंजिन नाक दाबून धरल्यासारखं चालतं. मिस्त्री सायलेन्सर सोडवायचा, आतल्या पत्र्याला आणखी भोकं पाडायचा, धुराचं तोंड कानशीने रुंद करायचा आणि मग टिचक्या मारमारून आतला लोखंडाचा चुरा काढत बसायचा, कारण त्यातला कण इंजिनात गेला तर सिलिंडरचं वाटोळं होतं. जाळी मात्र तो न चुकता परत बसवायचा. काही गिऱ्हाइकं म्हणायची, जाळी काढूनच टाका, अजून जोर येईल. मिस्त्री म्हणायचा, "ठिणगी वाळक्या पाल्यावर पडली तर? तुम्हाला झाड कापायचंय की जाळायचंय?" आणि हा माणूस जाळी का काढायला सांगतोय, यावर पुढे दिवसभर विचार करायचा.

खरी करामत त्यानंतरची. धूर मोकळा झाला की इंजिन हवाही जास्त ओढतं, आणि हवा वाढली की पेट्रोलही वाढवावं लागतं. त्यासाठी कार्बोरेटरला एक बारीक स्क्रू असतो. तो सैल केला की पेट्रोल जास्त, आवळला की कमी. पेट्रोल फार झालं तर पूर्ण रेसवर करवत गुरगुरते. फार कमी झालं तर ती बारीक, टोकदार आवाजात किंचाळते, भलतीच जोरात धावते, बघणारा खूश होतो, आणि थोड्याच वेळात पिस्टन तापून सिलिंडरला धरून बसतो. गुरगुर आणि किंचाळी यांच्या मधली जागा मिस्त्री कानाने शोधायचा. याला तो करवत 'लावणं' म्हणायचा, तंबोरा लावतात तसं. कान झाकायचं साधन त्याच्याकडे होतं, पण ते खिळ्याला टांगलेलं, वरचं प्लास्टिकही न काढलेलं. "कान झाकून करवत लावायची म्हणजे तोंड बांधून आमटीची चव बघायची," असं तो म्हणे. उघड्या सायलेन्सरच्या करवती उघड्या कानांनी लावण्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं, आणि त्याचा त्याला अभिमान होता.

मग करवती परत येऊ लागल्या.

पहिली आली ती रस्त्याकडेची झाडं तोडण्याचं काम घेणाऱ्या एका बाईची. चालता चालता बसली म्हणाली. मिस्त्रीने इंजिन उघडलं. प्लग पांढराफटक, पिस्टनवर धुराच्या बाजूला उभे ओरखडे. पेट्रोल कमी पडलं होतं, यात शंका नव्हती. नंतर एका बागवानाची आली, तशीच. मग आणखी एक. मिस्त्रीच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. तशा त्याच्या मनात पाली बिऱ्हाड करूनच राहत होत्या, पण ही नवी होती. स्क्रू आपण बरोबर लावला होता. आपला कान चुकणं शक्य नाही. म्हणजे आपल्यानंतर कुणीतरी तो फिरवला.

आधी संशय इंजिनचं तेल आणून देणाऱ्या तेलवाल्यावर गेला, पण तेलवाला स्क्रूपर्यंत पोचत नव्हता. मग शिंप्यावर गेला, पण शिंप्याला पेट्रोलच्या वासाने मळमळायचं. शेवटी फिरत फिरत तो घरातच आला आणि मेहुण्यावर येऊन बसला.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. चाळिशी ओलांडलेला, मिशीत पांढरे केस, एकटा. पूर्वी त्याचं पाण्याच्या पंपांच्या दुरुस्तीचं दुकान होतं, ते बंद पडलं तेव्हा बहिणीने त्याला इकडे बोलावून घेतलं. हाताला चांगला, पण बोलायला कमी. मिस्त्रीला हेच खटकायचं. बोलणाऱ्या माणसाचं खोटं निदान पकडता तरी येतं, जो बोलतच नाही त्याला पकडायचं कुठे?

आता मिस्त्रीने डोळ्यांत तेल घालून बघायला सुरुवात केली आणि बघावं तिकडे काळंबेरं दिसू लागलं. त्याने लावलेली करवत मेहुणा साखळीचं तेल तपासायला म्हणून मागच्या अंगणात न्यायचा. बरं, साखळीला तेल सुटतंय का हे बघायला एकदा इंजिन चालवावं लागतं, मान्य. पण अंगणातून गुरगुर परतपरत ऐकू यायची. एवढं तेल काय बघत होता तो? शिवाय बहीण-भाऊ स्वयंपाकघरात कुजबुजायचे. ओठ हलताना दिसायचे, शब्द ऐकू येत नसत, आणि मिस्त्री आत गेला की दोघं मूग गिळून बसायचे.

"काय चाललंय?" तो विचारायचा.

"काही नाही," बायको म्हणायची.

'काही नाही' या उत्तराइतकं संशयास्पद दुसरं उत्तर नाही. त्यात बायकोला नवीनच एक खोड लागली होती. त्याने रेडिओ लावला की ती येऊन तो लहान करायची. आपल्याला बातम्या कळू नयेत असं हिला का वाटत असावं, हे त्याला उमगेना. पण मेहुण्याच्या मनात काय आहे ते त्याने ताडलं होतं. दुकानाचं नाव खराब करायचं, गिऱ्हाइकं तोडायची आणि मग समोरच स्वतःची पाटी लावायची. बहीण सामील आहे की नाही, एवढंच ठरायचं होतं.

त्याने सापळा लावला. "तुझं नेलपॉलिश दे," तो एका दुपारी बायकोला म्हणाला.

"तुम्हाला कशाला हवंय?"

"काही नाही," मिस्त्री म्हणाला, आणि हे उत्तर परत करताना त्याला फार बरं वाटलं.

लाकडाच्या वखारवाल्याची करवत लावून झाली होती. मिस्त्रीने काडीच्या टोकाने स्क्रूच्या डोक्यापासून कार्बोरेटरच्या अंगापर्यंत केसाएवढी बारीक रेघ ओढली. स्क्रू जरा जरी फिरला, तरी रेघ तुटणार. मग तो मुद्दाम बाजारात निघून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात येऊन भिंग लावून बघितलं, तर रेघ तुटली होती. स्क्रूवरचा तुकडा एकीकडे, खालचा दुसरीकडे.

संशयी माणसाला पुरावा मिळाला की त्याची छाती फुगते. मिस्त्रीची इतकी फुगली, की एक साधी गोष्ट बघायची राहून गेली. रेघ तुटली होती खरी, पण स्क्रू कुठल्या बाजूला फिरला होता? इंजिन मारायचं तर तो आवळायला हवा. हा तर सैल केलेला होता. एखाद्या शिकाऊ माणसानेसुद्धा हे आधी बघितलं असतं. मिस्त्री इतकी वर्षं याच स्क्रूवर जगला, आणि नेमकं तेच त्याने बघितलं नाही. चोर सापडला होता, आता स्क्रूकडे कोण बघतो?

त्या सकाळी ओट्यावर वखारवाला होता, झाडतोडणीची ती ठेकेदारबाई आपली नवी मोठी करवत घेऊन आली होती, शिंपी खिडकीत होता. मिस्त्रीला याहून चांगली वेळ मिळाली नसती. त्याने वखारवाल्याची करवत धाडकन टेबलावर ठेवली.

"हा स्क्रू कुणी फिरवला?"

मेहुण्याने हातातला पाना खाली ठेवला. "मी."

एवढ्या लवकर कबुली मिळेल असं मिस्त्रीला वाटलं नव्हतं. त्याची थोडी निराशाच झाली. "का फिरवला?"

मेहुण्याने दाराकडे बघितलं. दारात बहीण उभी होती. "भावजी, आपण नंतर बोलू. आत."

"आत कशाला? आत तुम्ही दोघं बरंच बोलता. इथे बोल, सगळ्यांसमोर. माझ्या करवती तू मारतोस की नाही?"

"नाही."

"मग स्क्रूला हात का लावलास?"

मेहुण्याने पुन्हा बहिणीकडे बघितलं. त्याचे कान लाल झाले होते. वखारवाला चपलेकडे बघत होता. मिस्त्रीला ती शांतता म्हणजे निकालच वाटला. "चोर आहेस तू," तो म्हणाला, आणि इतक्या मोठ्याने म्हणाला की समोरच्या घराची खिडकी उघडली. "माझ्याच घरात बसून माझंच नाव चोरतोस. आत्ताच्या आत्ता निघ."

मेहुण्याने आपली हत्यारं फडक्यात गुंडाळली आणि ओटा उतरून गेला. त्या गडबडीत वखारवाल्याने आपली करवत होती तशीच उचलून नेली. बायको मिस्त्रीला काहीतरी म्हणाली. काय म्हणाली ते त्याला कळलं नाही आणि त्याने विचारलंही नाही. भावाची बाजू घेत असणार, दुसरं काय.

ठेकेदारबाईची नवी करवत मग मिस्त्रीने मन लावून केली. सायलेन्सर असा उघडला, की त्याचं त्यालाच कौतुक वाटलं. मग कान टवकारून स्क्रू आवळत गेला. गुरगुर कमी झाली, आणखी कमी झाली, पार गेली. आता कसा स्वच्छ, मोकळा आवाज येत होता. त्याने स्क्रूवर रेघ ओढली, बाईला दाखवली आणि म्हणाला, "या रेघेला कुणी हात लावला तर मला येऊन सांगा. आता काही होणार नाही." बाईचा त्याच्यावर पूर्ण भरवसा होता. करवत तिने टेबलावरूनच उचलून नेली.

ती दोनेक दिवसांत परत आली. बाईने ती ओट्यावर ठेवली आणि काय झालं ते सांगितलं. एका कललेल्या झाडाचं खोड अर्धंअधिक कापून झालं होतं आणि करवत एकदम धरली. पातं खोडातच अडकलं. कापणारा गडी ते ओढायला गेला, तेवढ्यात खोड फाटलं आणि भलतीकडे फिरलं. गड्याचा खांदा मोडला. डोक्यावर आलं असतं तर गेलाच असता.

"शेवटपर्यंत किंचाळत होती," बाई म्हणाली. "गडी म्हणाला मला, फार बारीक आवाज येतोय, बघू का जरा. मीच म्हटलं, चालू दे, मिस्त्रीने स्वतः लावलीय."

मिस्त्रीने भिंग घेतलं. रेघ जशीच्या तशी होती. अखंड. स्क्रूला कुणाचं बोट लागलं नव्हतं. त्याने प्लग काढला. पांढराफटक.

बाई गेल्यावर तो तिथेच बसून राहिला. तेलवाला, शिंपी, मेहुणा, एकेकाला त्याने मनात उभं करून बघितलं. रेघ अखंड होती. वखारवाल्याच्या करवतीवरची रेघ मात्र तुटली होती, आणि ती करवत आजही रोज लाकडं कापत होती. मग त्याला भिंगाखाली दिसलेले रेघेचे दोन तुकडे आठवले, आणि तो स्क्रू सैल केलेला होता हे आत्ता लक्षात आलं.

तो उठला आणि बायकोला हाक मारली. "इथे उभी राहा. फक्त ऐक."

टेबलावर एक दुसरी करवत होती. त्याने ती सुरू केली, पूर्ण रेस दिली आणि स्क्रू आवळत गेला. गुरगुर गेली. तोच स्वच्छ, मोकळा आवाज. त्याने मान वर केली, तर बायकोने दोन्ही हात कानांवर दाबले होते आणि डोळे गच्च मिटले होते. त्याने स्क्रू सैल केला. अजून सैल केला. गुरगुर परत आली, त्याला ऐकताना चुकीचीच वाटावी इतकी आली. तेव्हा कुठे बायकोने हात खाली घेतले. त्याने इंजिन बंद केलं.

"आधी काय होतं?"

"किंचाळत होती ती. तुम्हाला..." पुढे तिचे नुसते ओठ हलले.

"कुजबुजू नकोस," मिस्त्री म्हणाला.

ती जवळ आली. "मी कुजबुजत नाहीये. रोज बोलते तशीच बोलतेय."

मिस्त्री स्टुलावर बसला. घरातली सगळी कुजबुज त्याच्या डोळ्यांसमोरून गेली, आणि रेडिओही. "तुला माहीत होतं?"

"आधी त्याच्या लक्षात आलं. मला म्हणाला, भावजींना सांगू नकोस ताई, कान गेला हे कळलं तर ते दुकानात पाय ठेवणार नाहीत. मी मागच्या अंगणात नीट लावत जाईन, कुणाला कळणार नाही. ज्यांनी टेबलावरूनच उचलून नेल्या, त्याच करवती परत आल्या."

"आणि मी त्याला चोर म्हणालो."

"हो," बायको म्हणाली. तिने ते मोठ्याने म्हटलं नव्हतं, पण त्याला ऐकू आलं. त्याला इतकी लाज वाटली, की बायकोकडे बघवेना.

मेहुणा गावाच्या दुसऱ्या टोकाला पंप दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात कामाला लागला होता. मिस्त्री तिथे गेला, दारातच उभा राहिला आणि सगळं बोलला. कान गेला. करवती मीच मारल्या. गड्याचा खांदा माझ्यामुळे मोडला. तू घरी चल. मेहुणा पंपाचा पट्टा चढवत होता. तो हातातलं काम संपवून मगच उठला आणि अगदी जवळ येऊन, एकेक शब्द सुटा करून म्हणाला, "भावजी, चोर म्हणालात ते गल्लीने ऐकलं. हे मी एकट्याने ऐकून काय करू?"

"म्हणजे?"

"आत्ता जे बोललात ते आपल्या ओट्यावर उभं राहून बोला. मग येतो."

परतताना मिस्त्रीच्या मनात पाली पुन्हा चुकचुकू लागल्या. कान गेलेल्या मिस्त्रीकडे करवत कोण आणणार? यालाच तर हे नको असेल ना, आपल्या तोंडून आपली पाटी उतरवून घ्यायची? इतकं झाल्यावरही असलं काही मनात यावं, याचा त्याला स्वतःचाच राग आला. पण जन्माची सवय ती, एका दुपारी थोडीच जाणार.

दुसऱ्या दिवशी तो ओट्यावर उभा राहिला. मेहुणा खाली रस्त्यावर होता, वर आला नव्हता. बायको दारात होती. वखारवाला आला होता, शिंपी खिडकीत होता, चहावाला पेले हातात घेऊन थांबला होता, आणि ठेकेदारबाई गड्याला बघून परस्पर इकडे आली होती. मिस्त्री म्हणाला, "मी याला चोर म्हणालो. तो चोर नाही. माझा कान गेलाय. करवत किंचाळते ते मला ऐकू येत नाही. करवती मीच मारल्या, गड्याचा खांदाही माझ्यामुळे मोडला. माझ्या चुका हा गुपचूप निस्तरत होता." एवढं बोलून तो थांबला. त्याला वाटलं, आता एकेक जण पाठ फिरवेल.

वखारवाला काहीतरी म्हणाला.

पूर्वी मिस्त्रीने त्याचा स्वतःच अर्थ लावला असता, आणि तो वाईटच असता. या वेळी तो ओटा उतरून त्याच्यासमोर गेला. "परत सांगा. मला ऐकू आलं नाही."

वखारवाल्याला संकोच वाटला, पण त्याने आवाज चढवला. "म्हटलं, आम्हाला माहीत होतं, मिस्त्री. म्हणून तर तुम्ही कितीही म्हणालात तरी मी त्याच दिवशी करवत नेत नव्हतो. मेहुण्याचा हात फिरला की सकाळी न्यायचो."

शिंप्याने खिडकीतून मान हलवली. चहावाला पेल्यांकडे बघत राहिला. म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. लोक आपल्यापासून काहीतरी लपवतात, आपल्या पाठीमागे सगळे सामील आहेत, हा मिस्त्रीचा जन्माचा संशय शेवटी खरा निघाला. ते सामील होते, त्याची लाज राखण्यासाठी.

"मला नव्हतं माहीत," ठेकेदारबाई म्हणाली.

ती पुढे आली.

"सगळ्या गल्लीला माहीत होतं, आणि मी माझा माणूस त्या झाडाखाली उभा केला. मला कुणी का नाही सांगितलं?"

वखारवाल्याने नजर खाली घातली. शिंपी खिडकीतून मागे सरला. मेहुण्याने बोलायला तोंड उघडलं, पण मिस्त्रीने त्याला हाताने थांबवलं. बाईचा प्रश्न त्याला ओठांवरूनच कळला होता, तिला दुसऱ्यांदा विचारावा लागला नाही.

"त्यांना बोल लावू नका, बाई," तो म्हणाला. "हे मला सांगायला जो आला असता, त्यालाच मी चोर ठरवलं असतं. ते सगळ्यांना माहीत होतं."